दाखला मागायला आलेली मुलं

माझे काका गिरणगावातल्या एका शाळेत समुपदेशक होते. १९६८मध्ये गणिताचे शिक्षक म्हणून लागले, २००२मध्ये निवृत्त झाले, तीन वर्षांपूर्वी गेले. शोकसभेत बोलणाऱ्या प्रत्येकाने तीन विशेषणं वापरली: कुटुंबवत्सल, मितभाषी, विद्यार्थिप्रिय. शिक्षक गेला की ही तीन विशेषणं ठरलेलीच. मी इतिहास शिकलेय, त्यामुळे मला विशेषणांपेक्षा कागद हवे असतात. काकांच्या बाबतीत कागद नाहीत. का नाहीत, ते पुढे सांगते.

'समुपदेशक' हा शब्द त्यांना बऱ्याच उशिरा चिकटला. शाळेत त्यांना सगळे 'करिअर मास्तर' म्हणत. या पेशाचं मूळ अमेरिकेत सापडतं. १९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं एक छोटं कार्यालय उघडलं. त्याचं म्हणणं सोपं होतं: आधी स्वतःला ओळखा, मग कामधंद्यांची माहिती घ्या आणि शांत डोक्याने दोन्हींचा मेळ घाला. त्याच वर्षी तो वारला, पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं, पण ही तीन पायऱ्यांची शिडी जगभर गेली.

आपल्याकडे १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. त्यात सात शाखा: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला आणि गृहविज्ञान. आता कोणतं मूल कुठे घालायचं, हे सांगणारा कुणीतरी हवा. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक द्या असं म्हटलं. बहुतेक शाळांना तोही मिळाला नाही. काकांच्या शाळेला मिळाला, कारण काकांनी स्वतःच मुंबईत महापालिका मार्गावरच्या व्यवसाय मार्गदर्शन संस्थेत जाऊन प्रशिक्षण घेतलं. शाळेने त्यांचे काही तास कमी केले आणि प्रयोगशाळेच्या बाजूची अडगळीची खोली दिली. आयोगाच्या अहवालातून शेवटी जे खाली उतरतं, ते साधारण एवढंच असतं.

त्या खोलीत काका स्टॉपवॉच घेऊन चाचण्या घेत. रेव्हनची आकृत्यांची चाचणी तुम्ही पाहिली असेल. नक्षीतला एक तुकडा गायब असतो आणि खालच्यांतला योग्य तो निवडायचा असतो. एका मुलाचा कल तांत्रिक निघाला म्हणून काकांनी वडिलांना बोलावलं. वडील गिरणीत. सगळं ऐकून म्हणाले, "मग साचेखात्यातच घालतो की!" पार्सन्सच्या शिडीला गिरणगावात भिंतच नव्हती. बाप कायम झालेला असला की पोराला ओळखीने बदली कामगार म्हणून चिकटवायचं, मग तोही कधीतरी कायम होईल. मुलींच्या बाबतीत तर कुणी कल विचारतही नसे.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. साधारण अडीच लाख कामगार बाहेर. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मात्र दर आठवड्याला मिटणार असं वाटायचं. जूनमध्ये शाळा उघडली आणि पालक 'शाळा सोडल्याचा दाखला' मागायला येऊ लागले. खोलीचं भाडं आणि वाण्याची उधारी थकली होती, म्हणून बायकापोरं गावी, रत्नागिरीला, साताऱ्याला. थोरला मुलगा मुंबईतच राहून हातगाडीवर किंवा हॉटेलात.

हेडमास्तरांनी एक शिरस्ता घातला: दाखला मिळेल, पण आधी करिअर मास्तरांना भेटायचं. तिथे काका चाचणी वगैरे काही घेत नसत. तीन प्रश्न विचारत. गावाला शाळा किती लांब आहे? तिथे दहावीपर्यंत वर्ग आहेत का? आणि मूल इथेच राहिलं तर जेवणार कुठे? कोणत्याही आयोगाच्या अहवालात मला तिसरा प्रश्न दिसलेला नाही. काकांची सगळी नोकरी मात्र या प्रश्नात होती, असं माझं मत आहे.

त्याचं उत्तर बऱ्याचदा काकू असायची. त्यांच्या एका खोलीत दोन वर्षं दोन मुलं जेवायला होती, त्यातला एक झोपायलाही. तो पुढे आयटीआय करून परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागला. शोकसभेत तो काही बोलला नाही, सतरंज्या उचलत होता.

'कुटुंबवत्सल' शब्दाचं काय करायचं, हा माझ्या चुलत बहिणीचा प्रश्न आहे. ताई म्हणते, "बाबा शाळेतून घरी यायचेच नाहीत, शाळाच घरी यायची." दहावीनंतर काय घ्यावं हे तिने त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या शाळेतल्या सहकाऱ्याकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. घरच्या माणसाचं समुपदेशन करायचं नसतं, हा नियम. नियम बरोबर आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीला ते परकेपण वाटलं आणि ती ते अजून विसरलेली नाही. दर रविवारी मटार सोलत तिच्याशी तासभर गप्पा मारणारेही हेच काका होते, हेही तीच सांगते.

आता कागदांबद्दल. प्रत्येक मुलाचं एक कार्ड असे, आणि ती सगळी कार्डं घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. बापाचं पिणं, आईचं आजारपण, कुणाला कशाची भीती वाटते. मी मागितली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक २००४मध्ये आलं. त्यात मोठ्यांचे आवाज मी ऐकले होते. मला आठवी-नववीतल्या मुलांचे हवे होते, तेही त्याच वर्षी टिपलेले. नावं झाकते म्हटलं, काकू ऐकेना. "त्या पोरांनी ह्यांना सांगितलं होतं, तुला नाही." तिने कार्डं फाडून बादलीत भिजत घातली, मेथ्या घालून लगदा कुटला आणि पूर्वी करायच्या तशा टोपल्या केल्या. एक माझ्याकडे आहे, तिच्यात मी चार्जर ठेवते. इतिहासाचं नुकसान झालं, असं मला आजही वाटतं. काकूला वाटत नाही.

संपानंतर शाळेतली गर्दी ओसरत गेली. १९८३पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि काकांकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बदलला. कल राहिला बाजूला, 'किती लागतील?' हे आधी. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, ते आता विचारायलाही येत नसत. काका त्यांच्या चाळीत जाऊन बसत.

२०१६मध्ये राज्यभर दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. तुमच्यातल्या काहींनी पुढच्या वर्षांत ती दिलीही असेल. शेजारचा मुलगा आपला निकाल घेऊन काकांकडे आला. काकांनी चष्मा लावून क्षेत्रं मोजली. सात. कृषी, वाणिज्य, ललित कला ओळखीचीच होती.

"गृहविज्ञान काढलेलं दिसतंय," ते म्हणाले. "गणवेशधारी सेवा नवीन आहे." मग कागद घडी करून त्याच्या हातात दिला आणि घरी कोण कोण असतं, ते विचारायला लागले.