वाद : एका शब्दाची घसरण

‘उगाच वाद घालू नकोस’ हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. आपल्या बोलण्यात वाद म्हणजे भांडण. मुळात मात्र हा शब्द भांडणाच्या अगदी उलट होता.

अक्षपाद गौतमांची तर्कशास्त्रावरची न्यायसूत्रं 16 पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगतात. त्यांत संशय तिसरा. म्हणजे आपल्याला नक्की ठाऊक नाही, हे आधी कबूल करायचं. दहावा वाद, अकरावा जल्प, बारावा वितंडा. खरं काय ते ठरवायला दोघांनी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन बाजू तपासायच्या, तो वाद. जिंकण्यासाठी बोलायचं, तो जल्प. त्यात छलही चालतो. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडत राहायची, ती वितंडा.

छल म्हणजे काय, हे भाष्यकार वात्स्यायनांनी फार छान दाखवलं आहे. कुणी म्हणतं, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. म्हणजे त्याच्याकडे नवी घोंगडी आहे. प्रतिपक्षी विचारतो, एकच तर दिसते, नऊ कुठे आहेत? संस्कृतात ‘नव’चे दोन्ही अर्थ होतात. बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ कळत असूनही दुसराच धरायचा, हा तो छल. मराठीत त्याचा ‘छळ’ झाला, आणि ज्याने तो सोसला आहे त्याला हा अर्थबदल मुळीच परका वाटणार नाही.

वैद्यांनाही हा भेद महत्त्वाचा वाटला. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, मिळून केलेली ‘संधाय संभाषा’ आणि झगडून केलेली ‘विगृह्य संभाषा’ वेगळ्या सांगितल्या आहेत.

गौतमांनी जल्प-वितंडेला हद्दपार केलं नाही. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्या लावतात, तसा त्यांचा उपयोग सत्याच्या राखणीपुरता, असं ते म्हणतात. आपल्याकडे कुंपणानेच शेत खाल्लं. ‘वितंडवाद’ हा शब्द तर एकमेकांविरुद्धच्या दोन गोष्टी एकत्र बांधून बसला आहे.

वाद कुणाशी करावा, हेही सूत्रांत आहे : शिष्याशी, गुरूशी, बरोबर शिकणाऱ्याशी, आणि ज्याला खरोखर कल्याण हवं आहे त्याच्याशी. अट एकच, त्यांच्या मनात असूया नसावी.