म्युझेत : एका मशकवाद्याच्या नावाचा प्रवास

वाद्य मागे पडावे आणि त्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहावे, असा प्रकार संगीताच्या इतिहासात अधूनमधून आढळतो. फ्रेंच भाषेतील 'म्युझेत' हा शब्द त्याचे बोलके उदाहरण होय. आज हा शब्द उच्चारताच सामान्य फ्रेंच श्रोत्याला अकॉर्डियनचे सूर आठवतात. परंतु मूळचे हे नाव अकॉर्डियनचे नव्हे. ते एका मशकवाद्याचे, म्हणजे आपण ज्याला बॅगपाइप म्हणून ओळखतो त्या जातीच्या वाद्याचे आहे. एका वाद्याचे नाव दुसऱ्याकडे कसे गेले, आणि ते लुटीने गेले की वारशाने, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. परभाषिक नगरांत पिढ्यान्‌पिढ्या आपली वाणी व कला सांभाळीत आलेल्या मंडळींना हा विषय केवळ कुतूहलाचा वाटणार नाही, अशी आशा आहे.

प्रथम या दोन वाद्यांची घडण ध्यानी घेऊ. मशकवाद्यात चामड्याच्या पिशवीत वारा साठविलेला असतो. वादक ती काखेत दाबून धरतो आणि वारा नळ्यांच्या तोंडाशी बसविलेल्या पत्त्यांतून अखंड वाहत राहतो. एका नळीवर चाल वाजते. उरलेल्या नळीतून किंवा नळ्यांतून एकच आधारस्वर निघत असतो. आपल्याकडे सनईच्या साथीला एक जण नुसता सूर धरून बसतो. येथे ती दोन्ही कामे एकाच वादकाकडे असतात. वारा मध्येच तोडता येत नसल्यामुळे एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवावयाचा झाल्यास मध्ये दुसरा एखादा कण पेरावा लागतो. मशकवाद्याच्या वादनातील अलंकार असे हौसेइतकेच गरजेतूनही जन्मले आहेत.

अकॉर्डियनची रीत निराळी. त्यात घड्यांचा भाता आहे आणि धातूच्या बारीक पट्ट्या वाऱ्याने थरथरून स्वर देतात. हे तत्त्व चीनमधील 'शेंग' या प्राचीन वाद्यात पूर्वीपासून होते. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियन याने 1829 साली 'अकॉर्डियन' या नावाने आपल्या वाद्याचे पेटंट घेतले. पुढे 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने 'हार्मोनियम'चे पेटंट घेतले. म्हणजे आपली बाजाची पेटी आणि अकॉर्डियन ही एकाच घराण्यातील भावंडे होत.

आता मूळ म्युझेतकडे वळू. सतराव्या आणि अठराव्या शतकांत फ्रान्सच्या दरबारी वर्तुळात या नावाचे एक नाजूक मशकवाद्य फार प्रिय होते. त्याच्या पिशवीला उंची वस्त्राचे आवरण आणि नळ्या हस्तिदंताच्या असत. पिशवीत वारा तोंडाने न भरता हाताखालच्या लहानशा भात्याने भरीत, त्यामुळे गाल फुगवून चेहरा विद्रूप करण्याची आपत्ती सरदारवर्गावर येत नसे. या वाद्यावर बोर्जों याने 1672 साली आणि ओतेतेर याने 1737 साली ग्रंथ प्रसिद्ध केले. बाखच्या तिसऱ्या 'इंग्लिश स्वीट'मधील एका नृत्यालाही हेच नाव आहे. राज्यक्रांतीच्या सुमारास दरबारी जीवन संपुष्टात आले आणि त्याबरोबर हे वाद्यही लोपले. खेड्यापाड्यांतील मशकवाद्ये मात्र टिकून राहिली.

अशांपैकी एक मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतातले 'काब्रेत'. या शब्दाचा मूळ अर्थ लहान शेळी. पिशवी ज्या कातड्याची, त्यावरून हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात या गरीब प्रांतातील हजारो माणसे पोटासाठी पॅरिसला आली. त्यांनी पाणी वाहिले, लाकूड व कोळसा विकला आणि कोळशाच्या दुकानाशेजारीच मद्याचे गुत्ते उघडले. बास्तीलजवळची र्यू द लाप ही गल्ली त्यांचे एक मोठे ठाणे बनली. रविवारी या गुत्त्यांत काब्रेत वाजे आणि गावाकडचे 'बुरे' नृत्य चाले. पॅरिसमध्ये काब्रेतला म्युझेत असेही म्हणत. म्हणून या नृत्यांच्या अड्ड्यांना 'बाल-म्युझेत' हे नाव मिळाले. वादक घोट्याला घुंगरू बांधून पायाने ताल धरीत असे, हे वाचून आपल्याकडील रसिकांस नवल वाटेल.

त्याच वस्त्यांत शतकाच्या अखेरीस इटालियन मजूर व कारागीर येऊन राहिले आणि त्यांच्याबरोबर अकॉर्डियन आले. एका अकॉर्डियनमध्ये चालही होती, साथही होती आणि आवाजही मोठा होता. ओव्हेर्न्यवासीयांना हे आक्रमण वाटले. लुई बोने याने 1882 साली स्थापन केलेल्या 'लोव्हेर्न्या द पारी' या त्यांच्या पत्रातून अकॉर्डियनविरुद्ध मोहीम चालविण्यात आली. या विरोधाला निव्वळ संकुचितपणा म्हणून निकालात काढणे न्यायाचे होणार नाही. ज्या समाजाजवळ परक्या शहरात स्वतःचे म्हणण्याजोगे एक वाद्य आणि एक नृत्य एवढेच उरले होते, त्याने ते जपण्यासाठी दार लावून घेतले, तर त्यात अस्वाभाविक काय?

तथापि दार आतूनच उघडले गेले. काब्रेतचा सर्वांत नामांकित वादक आंत्वान बुस्कातेल याचे र्यू द लापमध्ये स्वतःचे नृत्यगृह होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने शार्ल पेगुरी या इटालियन घराण्यातील अकॉर्डियनवादकाला आपल्या शेजारी बसविले. पुढे पेगुरी त्याचा जावईही झाला. सूर जुळले, मग कुटुंबे जुळली.

यानंतर काही वर्षांतच नृत्यगृहांतून काब्रेत मागे सरले, आणि म्युझेत हे नाव अकॉर्डियनकडे आले. 'बुरे'ची जागा वॉल्ट्झ आणि 'जावा' या नृत्यांनी घेतली. एकाच स्वरासाठी दोन-तीन पट्ट्या किंचित वेगळ्या लावून जो कंपित नाद मिळतो, त्यालाही म्युझेत म्हणू लागले. एमिल व्हाशे हा या नव्या शैलीचा आद्य प्रवर्तक मानला जातो. जिप्सी वादकांनी तिच्यात आपली तंतुवाद्ये मिळविली. पुढे जगप्रसिद्ध झालेला जँगो राइनहार्ट याने 1928 साली पहिले ध्वनिमुद्रण केले, ते बँजोवर, अकॉर्डियनच्या साथीला बसून. त्यातूनच तोनी म्युरेना याच्या 'आंदिफेराँस'सारख्या, जॅझची छाया असलेल्या रचना जन्मास आल्या.

आपल्याकडे पेटीच्या बाबतीत असाच वाद झाला. तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, तिच्यात मींड नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, आणि ती सैल होण्यास 1970 नंतरचा काळ उजाडावा लागला. परंतु तत्पूर्वीच गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाच्या बोटांतून पेटी मराठी झाली होती. 1911 च्या 'मानापमान'च्या चाली देणाऱ्या या कलावंताला पेटी परकी आहे असे कोण म्हणेल?

मग म्युझेत हे नाव लुटले गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. काब्रेतने आपली जागा गमावली, हे खरे, आणि ती हानी लपविण्यात अर्थ नाही. पण बुस्कातेलने पेगुरीला शेजारी बसविले नसते, तर पॅरिसच्या नृत्यगृहांत काब्रेत टिकलेच असते याची खात्री कोणी द्यावी? दुसरीकडे, दार लावून बसलेल्यांच्या हट्टामुळेच काब्रेत हे वाद्य म्हणून उरले. ते आजही वाजविले व शिकविले जाते. जिज्ञासूंनी बुस्कातेलची जुनी ध्वनिमुद्रणे, त्यानंतर व्हाशेची आणि शेवटी म्युरेनाची, अशा क्रमाने ऐकावी. अकॉर्डियनच्या त्या भरधाव चालीत मध्येच पेरलेले बारीक कण ऐकू येतात. भात्याच्या वाद्याला त्यांची गरज नव्हती. पिशवीच्या वाद्याला होती, आणि तो वारसा नावाबरोबरच अकॉर्डियनकडे आला, असे आम्हांस वाटते.