पीटीपी हार्डवेअर घड्याळ, लिनक्समधील

नेटवर्क कार्डावरील स्वतंत्र घड्याळ कर्नलच्या ताब्यात देणारी सोय. संगणकांची घड्याळे जुळवणारा पीटीपी हा संकेत आयट्रिपलई १५८८ या मानकात २००२ मध्ये निश्चित झाला. त्यासाठी पाठवलेले माहितीचे पाकीट पोचल्याची वेळ सॉफ्टवेअरने नोंदवली, तर इंटरप्टचा विलंब आणि प्रोसेसरवरील भार यांमुळे ती डळमळते. म्हणून पाकीट तारेवरून आत येते, तिथेच कार्डाने वेळ नोंदवणे श्रेयस्कर ठरते. लिनक्समध्ये यासाठीची सामाईक चौकट २०११ च्या ३.० आवृत्तीत आली.

ड्रायव्हरमध्ये ही सोय घालताना घड्याळ वाचणे, लावणे, पुढेमागे सरकवणे आणि त्याची गती बदलणे ही कामे लिहून ती कर्नलकडे नोंदवावी लागतात. नोंदणीनंतर घड्याळ पीटीपी०, पीटीपी१ अशा उपकरण-फायलींच्या रूपात दिसते. गतीतील बदल दशलक्षांशाच्या सूक्ष्म भागांत सांगतात. तिथे ६५,५३६ हा आकडा म्हणजे एक दशलक्षांश, अर्थात सेकंदाला एक मायक्रोसेकंद.

खरी कसोटी बारकाव्यांत लागते. नॅनोसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक सुमारे ४.२९ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. त्याआधी तो वाचून एकूण वेळेत भर घालावीच लागते. ६४ बिटांचा गणक दोन तुकड्यांत वाचताना मध्येच हातचा पुढे गेला, तर वेळ एकदम चार सेकंदांनी चुकते. त्यामुळे वरचा तुकडा पुन्हा वाचून पडताळणे आवश्यक असते. दूरसंचार, वीज उपकेंद्रे व शेअर बाजार यांना अशाच काटेकोर वेळेची गरज असते.