धाग्यासाठी गारवा, आचाऱ्यासाठी काय?

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, याचे तेथे कोणाला नवल नाही. अशा दुपारी हॉटेलच्या दर्शनी दालनात वातानुकूलन यंत्र घुमत असते आणि मागे भटारखान्यात आचारी घामाने निथळत असतो. यंत्र मागे का बसवीत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला आधी गिरणीत जावे लागते.

वातानुकूलनाचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालेला नाही. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसत नसत. त्यावर विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा खेळवण्याची योजना आखली. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द मात्र १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर याने सूतगिरण्यांच्या संदर्भात वापरला. त्याची अडचण उलटी होती. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते, तुटते. म्हणून हवेत ओलावा हवा.

सोलापूरची ‘जुनी मिल’ १८७७ सालची, म्हणजे हा शब्द जन्मण्याच्या बऱ्याच आधीची. तिच्या गावची हवा तर कोरडीच. सूतगिरण्यांत वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडून हवा दमट करण्याची पद्धत होती. धागा सुखावला; पण ज्या ओलाव्याने सूत टिकते त्यानेच घाम वाळेनासा होतो, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. कामगाराच्या वाट्याला हे आले. १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम दमटपणासाठी वेगळे कलम घालावे लागले. त्यासाठीचे पाणी पिण्याजोगे किंवा शुद्ध केलेले असावे, इथपर्यंत त्यात सांगितले होते. अति उष्णता निर्माण होत असेल तर ती जागा कामगारांपासून वेगळी करावी, तापलेले भाग आच्छादावेत, असेही होते. गंमत अशी, की त्याच कायद्याच्या ‘कारखाना’ या व्याख्येतून हॉटेल आणि उपाहारगृह स्पष्टपणे वगळलेले होते!

आता भटारखान्याचा हिशेब मांडू. वर्गात फळ्यावर सहज होण्यासारखा आहे. १९ किलोचे व्यापारी गॅस सिलिंडर दहा तासांत संपले असे धरा. एक किलो गॅस जळून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे सरासरी सुमारे २४ किलोवॅट. निम्मी पदार्थात गेली असे मानले तरी १२ किलोवॅट खोलीत उरते. एक टनाचे यंत्र साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे तीन-चार टन क्षमता नुसत्या शेगड्यांच्या उष्णतेपायीच खर्ची पडणार. दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गॅस जळताना पाणीही तयार होते: एका किलोमागे साधारण १.६ किलो. सिलिंडर रिकामे होईपर्यंत सुमारे ३० लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. भाताची, आमटीची, भांडी धुण्याची वाफ निराळीच. गिरणीत मुद्दाम सोडावा लागणारा ओलावा इथे न मागता मिळतो.

म्हणून पहिले काम धुराड्याचे. भट्टीवर रुंद पत्र्याची टोपी आणि जोरदार पंखा असेल, तर उष्णता आणि वाफ खोलीत पसरण्याआधीच बाहेर जाते. पण जितकी हवा बाहेर, तितकीच आत यायला हवी. ती वातानुकूलित असेल तर विकत घेतलेला गारवा धुराड्यातून उडून जातो! भटारखान्यात यंत्र परवडत नाही ते मुख्यतः यामुळे. आत येणारी हवा ओल्या वाळ्यातून किंवा कूलरच्या ओल्या जाळीतून घेणे सोलापुरात शहाणपणाचे ठरते. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. चांगला कूलर २६-२७ अंशांपर्यंत हवा आणू शकतो. पावसाळ्यात, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असता, हाच तापमापक २७ वर थांबतो. तेव्हा कूलरकडून फारसे मागू नये. पंखा आणि धुराडे यांवरच भागवावे.

शाळेत पोषण आहार शिजतो तिथे असे दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओला, टांगून पाहता येतील. शेगडी पेटवण्यापूर्वी आणि भात उतरवताना, दोन्ही वेळा नोंद घ्यावी. ओल्या तापमापकाचा पारा किती चढला, हे आधी पाहावे.