सीप्झमधलं देऊळ

"जशी प्रभूची इच्छा." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा अर्थ काय, असा प्रश्न कधी पडलाच नाही. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं), घर प्रोटेस्टंट. पाऊस लांबला, म्हैस मेली, काका दहावीला नापास झाला... आजीचं उत्तर एकच. आणि ते म्हणून झालं की ती पदर खोचून उठायची आणि पुढच्या कामाला लागायची. तिच्या त्या उठण्याकडे मात्र माझं लक्ष जायला फार वर्षं लागली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे वडील कोविडने गेले. आदली रात्र आम्ही बेडसाठी हिंडण्यात घालवली होती. एका ठिकाणी बेड होता तर ऑक्सिजन नव्हता. दफनाला आम्ही मोजून चौघं. संध्याकाळी एका नातलगांचा फोन आला, "प्रभूची इच्छा, दुसरं काय!" मी फोन ठेवून दिला. सिलिंडर नव्हता ही प्रभूची इच्छा? त्यानंतर किती तरी महिने उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली, की देवाच्या इच्छेप्रमाणे होवो ही ओळ येईपर्यंत मी म्हणायचो आणि तिथे गप्प व्हायचो. शेजारी उभ्या असलेल्या बायकोला ते कळायचं, पण ती काही बोलली नाही.

असो. सांगायचंय ते एका पडक्या देवळाबद्दल. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.)

आम्ही अंधेरीला मरोळमध्ये राहतो. शेजारच्या आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक. त्यांच्याबरोबर एका मे महिन्यात मी सीप्झच्या आत गेलो. सीप्झ म्हटलं की संगणक आणि दागिने निर्यात करणाऱ्या कंपन्या, सकाळी फाटकावर लागणारी रांग, आता जवळच मेट्रोचं स्टेशन. त्या कुंपणाच्या आत एक चारशे वर्षांहून जुनं देऊळ उभं आहे हे रोज रिक्षाने तिथून जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, आसपासच्या गावठाणांतले लोक तिथे मिस्सा करतात. फाटकावर नावं तपासली गेली आणि आम्ही आत गेलो. छप्पर नाही. काळ्या दगडाच्या भिंती आणि दर्शनी बाजू तेवढी शिल्लक, दगडांच्या फटींतून झाडांची मुळं उतरलेली. वर सरळ आभाळ.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं हे देऊळ जेझुइटांनी १५७९ साली कोंडिविटे गावात बांधलं. साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, १५३४ च्या तहापासून. त्या राज्यकर्त्यांना आपली सत्ता आणि देवाची सत्ता यांत फारसा फरक दिसत नव्हता, आणि त्या समजुतीपायी त्यांनी जे केलं ते सगळंच काही शोभणारं नव्हतं. इथल्या लेण्यांनाही ते माहीत आहे; बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यात त्यांनी देऊळ केलं होतं. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसईही पडली. १७७४ मध्ये इंग्रज आले. दोनशे वर्षांत तीन झेंडे. ज्या झेंड्याबरोबर क्रूस आला असं म्हणतात तो झेंडा उतरला, पण गावातली माणसं मिस्सा करीत राहिली, आणि मराठीच बोलत राहिली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. देवाचं राज्य पोर्तुगीजांच्या पदरचं असतं तर त्यांच्याबरोबरच जहाजात बसून गेलं असतं!

मग १८४० मध्ये साथ आली. माणसं मेली, गाव सोडायची वेळ आली. तिथे बसून मी वडिलांचा विचार करत होतो, हे वेगळं सांगायला नको. मूर्ती, वेदी, खांब आणि बाप्तिस्म्याचं दगडी कुंड हे सगळं त्यांनी मरोळला हलवलं आणि तिथे नवं देऊळ उभं केलं. आंटींनी हे सांगितलं तेव्हा माझं मन त्या कुंडापाशीच अडकलं. साथीत घरं रिकामी होताहेत आणि लोक नवजात पोरांच्या डोक्यावर पाणी घालायचं कुंड उचलून नेताहेत! "जशी देवाची इच्छा" म्हणणाऱ्यांनी हातपाय गाळायचे असतील तर एवढा दगड कोण हलवील?

पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हाही हेच दिसतं. वांद्र्यापासून उपनगरांतल्या गावठाणांपर्यंत लोकांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले. पुष्कळ अजून आहेत, झेंडूच्या माळा घातलेले. आणि तो प्लेगच आहे हे पहिल्यांदा ओळखून ठामपणे सांगणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हेही कॅथलिकच. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, आणि व्हिएगस यांनी हजारो लोकांना लस टोचली. क्रूसासमोर गुडघे टेकणं आणि दंड पुढे करणं, यांत काही भांडण आहे असं मला तरी वाटत नाही.

जमिनीची गोष्ट मात्र निराळी. साथ देवाकडून आली असं म्हणायची ज्यांची तयारी होती, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी शेतं गेली तेव्हा तसं म्हटलं नाही. या भागातली भातशेती आधी औद्योगिक वसाहतीत गेली, १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि देऊळ कुंपणाच्या आत अडकलं. मी आंटींना विचारलं, "तुम्ही लोक हेही देवाची इच्छा म्हणून सोडून का नाही दिलंत?"

"देवाने कुठे कागद पाठवला होता?" त्या म्हणाल्या. "कागद सरकारचा होता. सरकारला विचारायचं ते सरकारलाच विचारायचं."

मला हसू आलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही. त्या सिलिंडरचं उत्तरही माणसांकडेच मागायला हवं होतं. मी मात्र तीन वर्षं एकट्या देवाशीच अबोला धरून बसलो होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी यांचा आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणायच्या, फादरनी त्या आशीर्वादित करायच्या, मग घरी न्यायच्या. आंटींच्या घरात पाव गुंठाही शेत राहिलेलं नाही, तरी लोंब्या येतात. "गोराईहून आणल्या यंदा," त्या मला म्हणाल्या, आणि एक लोंबी माझ्या हातावर ठेवली. ती आमच्या फ्रिजवर, वडिलांच्या चष्म्याच्या डबीत आहे.

त्या मे महिन्यात, छप्पर नसलेल्या त्या देवळात, शेवटी प्रभूची प्रार्थना झाली. कॅथलिक असो की आम्ही, ती सारखीच. ती ओळ आली तेव्हा मी म्हटली. आवाज नीट निघाला नाही. ऊन फार होतं आणि आंटींनी छत्री माझ्याही डोक्यावर धरली होती.

पुढच्या वर्षी फाटकासाठी नावं वेळेत द्या, असं त्यांनी बजावलंय. बायकोचंही देणार आहे.