बांधी (धानशेती)

बांधी म्हणजे उताराच्या जमिनीवर मातीचे बांध घालून तयार केलेला धानशेतीचा सपाट तुकडा होय. हा शब्द महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यात व झाडीपट्टीच्या इतर भागांत प्रचलित आहे. कोकणात अशा तुकड्याला खाचर म्हणतात. बांधीच्या कडेच्या बांधास धुरा असे नाव आहे. धुरा हा वरच्या बांधीची माती रोखणारी भिंत, पाणी अडवणारा बांध, पायवाट आणि मालकीची सीमा अशी चारही कामे करतो.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात असून उत्तरेकडील तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकड्या आहेत. धान हे जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक आहे. रोवणीनंतर धानाला काही सेंटिमीटर उभे पाणी लागते. उतारावर पाणी खालच्या कडेला साचते व वरची कडा कोरडी राहते. म्हणून जमीन पायऱ्यापायऱ्यांनी सपाट करावी लागते.

रचना

बांधी तयार करताना वरच्या अंगाची माती खोदून खालच्या अंगाला भरतात. १०० मीटरला २ मीटर उतार असलेल्या जमिनीवर २० मीटर रुंदीची बांधी केल्यास वर सुमारे २० सेंटिमीटर खोदाई व खाली तितकीच भर पडते. लगतच्या दोन बांध्यांमध्ये ४० सेंटिमीटरची पायरी तयार होते. रुंदी दुप्पट केल्यास पायरीही दुप्पट होते. परंतु धुऱ्यावर येणारा मातीचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे चौपट वाढतो. त्यामुळे तीव्र उतारावर बांध्या अरुंद, लांबट आणि उताराला आडव्या असतात.

वरची सुपीक माती आधी बाजूला काढून सपाटीकरणानंतर पुन्हा पसरणे आवश्यक असते. तसे न केल्यास खोदलेल्या भागात निकस माती उघडी पडते व तेथील पीक काही हंगाम कमजोर राहते. धुऱ्याचा तळ माथ्यापेक्षा रुंद ठेवतात आणि माती थराथराने चोपून बसवतात.

पाण्याचा निचरा

धुरा बहुधा मातीच्या वजनाने नव्हे, तर पाण्याने फुटतो. भिजलेली माती जड होते आणि तिची पकड कमी होते. खेकडे व उंदीर यांच्या बिळांतून झिरपणारे पाणी माती वाहून नेते व बीळ मोठे होत जाते. मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून वाहिल्यास धुरा खालून कोरला जातो. वरचा धुरा फुटला की त्याचे पाणी खालच्या बांध्यांवर येते आणि धुरे एकामागून एक फुटू शकतात. म्हणून जादा पाणी जाण्यासाठी प्रत्येक बांधीत ठरावीक वाट ठेवतात आणि रोवणीपूर्वी धुऱ्यांची डागडुजी करतात. दगडी किंवा काँक्रीटच्या संरक्षक भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे याच तत्त्वावर आधारित असतात.

मालगुजारी तलाव

पावसाने ओढ दिल्यास बांध्यांना गावतलावांचे पाणी मिळते. गोंड राजवटीच्या काळापासून बांधलेल्या अशा अनेक तलावांचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते. तलावाची पाळ हीदेखील उताराला आडवा घातलेला मातीचा बांध असून तिच्या खालच्या बाजूस बांध्यांची मालिका असते. मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने रद्द झाली. त्यानंतर हे तलाव शासनाकडे आले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

सीमा आणि बदल

धुरा दोन शेतकऱ्यांमध्ये सामाईक असल्यास तो दरवर्षी थोडा थोडा कोरल्याने वाद उद्भवतात. कोरलेला धुरा अरुंद होऊन फुटण्याचा धोकाही वाढतो, व त्याचे नुकसान दोघांनाही सोसावे लागते. धुऱ्याखाली जाणारी जमीन वाया जाऊ नये म्हणून त्यावर तूर लावण्याची पद्धत आहे. ट्रॅक्टर व कापणीयंत्रांना लहान बांध्यांत वळणे अवघड जाते. त्यामुळे बांध्या जोडून मोठ्या करता येतात. मात्र उतार तितकाच राहत असल्याने खालचा धुरा उंच व अधिक भक्कम करावा लागतो.

इतर प्रदेशांत

डोंगरउतारावर, जेथे पायरी उंच असते, तेथे मातीऐवजी दगडी बांध घालतात. फिलिपिन्समधील इफुगाव प्रांतातील भाताच्या पायऱ्या या प्रकारच्या असून १९९५ साली त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.