शुद्धीची परीक्षा आणि धन्याचा अधिकार

म्हातोबाच्या बगाडाकरिता पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले हिंजवडी हे गाव आता माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांमुळे जगास ठाऊक झाले आहे. यांपैकी कित्येक कचेऱ्यांची गिऱ्हाइके अमेरिकेत असल्यामुळे त्यांच्या कामाबरोबर त्यांच्या अटीही येथे येतात. काही करारांत अशी एक अट असते की, उमेदवारास नेमण्यापूर्वी त्याची लघवी तपासून तो गांजा, अफू इत्यादी मादक पदार्थ घेत नाही याची खात्री करून घ्यावी. ही अट न्याय्य आहे काय, हा प्रश्न वरवर नवा दिसतो; परंतु आमच्या प्रांताच्या इतिहासात तो निरनिराळ्या रूपांनी शंभर वर्षे चालत आलेला आहे. त्या इतिहासावरून आमचे मत असे बनले आहे की, मनुष्य कामावर शुद्धीत आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार धन्यास असू शकेल. तो घरी कसा राहतो हे पाहण्याचा मात्र नव्हे.

प्रथम १९२२ साल घेऊ. मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यास डॉक्टर बार्न्सबाईंस नेमले होते. कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांस अफू दिली जाते, असे त्यांस आढळले. कारण उघड होते. आई दिवसभर गिरणीत, आणि मूल सांभाळावयास कोणी नाही. तेव्हा ते निजून राहावे एवढाच तिचा हेतू. त्या मातांची झडती घेऊन व त्यांस कामावरून काढून काय साधले असते? मुलांची अफू कदाचित सुटली असती, पण भाकरीही सुटली असती! पुढे विचारी माणसांस जे उपाय सुचले ते निराळे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिकाळी भत्ता देण्याचा कायदा झाला. त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर १९२८ साली विधिमंडळात बोलले होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरविले. व्यसनाचे मूळ जेथे कामाच्या रीतीत असते, तेथे परीक्षा कामाची घ्यावी लागते, हा पहिला धडा.

दुसरा धडा दारूबंदीचा. १ ऑगस्ट १९३९ रोजी डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली व १९४९ साली तिचा व्यापक कायदा झाला. १९५९ च्या दुरुस्तीने संशयितास डॉक्टरापुढे नेऊन त्याचे रक्त तपासण्याची तरतूद झाली, आणि रक्तात शेकडा ०.०५ किंवा अधिक मद्यार्क आढळल्यास निर्दोषत्व शाबीत करण्याचा भार आरोपीवर पडला. एवढा कडक कायदा. तथापि न्यायालयांनी त्यास लगाम घातला. काढलेले रक्त तपासनिसाकडे पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होते, हा धुळ्याकडील एका मोटारचालकाच्या खटल्यात वादाचा मुद्दा झाला, व ते प्रकरण १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तोंडास वास येतो, पाय लटपटतात, एवढ्यावरूनच मनुष्य प्यालेला ठरत नाही, असे त्याच न्यायालयाने १९७१ साली सांगितले. सरकारास जी सावधगिरी बाळगावी लागते, ती खाजगी धन्यास माफ का असावी?

कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांतही मद्यपान हे गैरवर्तन मानले गेले, पण ते कारखान्याच्या आवारातले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका मजुराचे प्रकरण आले. वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळल्यामुळे त्याचे काम गेले होते. जो काम करण्यास समर्थ आहे व ज्याच्यापासून इतरांस धोका नाही, त्यास केवळ त्या कारणाने कामावरून दूर ठेवता येणार नाही, असा निर्णय झाला. रोग आणि व्यसन एक नव्हेत हे आम्ही जाणतो. पण कामाचे सामर्थ्य आणि इतरांची सुरक्षितता ही कसोटी दोहोंसही लागू पडते.

कोणी म्हणेल, मग विमान चालविणाऱ्याचीही तपासणी नको काय? अवश्य हवी. ३१ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात वैमानिक व विमान-वाहतूक नियंत्रक यांची मादक पदार्थांसाठी तपासणी सुरू झाली. तीत पहिल्या निष्कर्षाची पुन्हा खात्री करावी लागते, व प्रथम दोषी आढळणाऱ्यास कामावरून दूर करून व्यसनमुक्तीच्या उपचारास पाठवावे लागते. अमेरिकेतही सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रेल्वेच्या चालकांची तपासणी मान्य केली, परंतु १९९७ साली निवडणुकीच्या उमेदवारांची अमान्य केली. कारण तेथे धोका दाखविता आला नाही. तेथील १९८८ चा व्यसनमुक्त कार्यस्थळाचा कायदा सरकारी ठेकेदारांस धोरण जाहीर करावयास सांगतो, चाचणी घ्यावयास नव्हे.

शिवाय लघवीची चाचणी सांगते ती गतकाळाची गोष्ट. श्वासावरून दारूचा वर्तमान अंमल कळतो. गांजाचे अंश मात्र नशा उतरल्यावर कित्येक दिवस, आणि नित्याच्या सेवनानंतर कित्येक आठवडेही, लघवीत सापडतात. शिवरात्रीची भांग आणि चिलमीतला गांजा यांत चाचणी भेद करीत नाही. खसखस भरपूर खाल्ल्यानेसुद्धा अफूचा आभास होऊ शकतो. तेव्हा अनारशांच्या दिवसांत दोष लागला, तर त्या बिचाऱ्या उमेदवाराने कोणाकडे दाद मागावी?

तात्पर्य, हिंजवडीच्या कामकऱ्यांस रात्री घरी पोहोचविणाऱ्या बसचालकाचा श्वास गाडी सुरू होण्यापूर्वी तपासावा. त्यात त्याचा अपमान नाही, कारण इतरांचे प्राण त्याच्या हाती आहेत. परंतु कचेरीत बसून लिहिणाऱ्या तरुणाचे काम त्याच्या कामावरूनच पारखावे. आणि जो व्यसनात सापडला असेल त्यास प्रथम वैद्य दाखवावा, दरवाजा नव्हे.